बावीस मीटर मासे

पलंगाचं झाकण बसेना, तिथून सगळं सुरू झालं.

तागेबाईने आधी त्यावर एक गुडघा टेकवला, मग दोन्ही टेकवले, मग सरळ उभीच राहिली. झाकण चार बोटं वर ते वरच. आत कापडं होती. मलमल होती, लिनन होतं, तीन रंगांचं कॉर्डरॉय होतं, पावसाळी कोटाचं मेणकापड होतं आणि कशाचं तरी अस्तर होतं, ज्याचं 'कशाचं तरी' अजून घरात यायचं होतं. हा झाला पलंग. शिवाय माळा, दोन बॅगा आणि बंद पडलेल्या धुण्याच्या मशीनचं पोट. ते मशीन भंगारात का देत नाही, असं कोणी विचारलं तर तागेबाई म्हणायची, "दुरुस्त होईल की कधीतरी."

'तागेबाई' हे नाव दिराने ठेवलेलं. लग्न होऊन महिना झाला नव्हता तेव्हा ती भाजी आणायला म्हणून गेली आणि सहा मीटर पॉपलीन घेऊन आली. भाजी राहिली, नाव मात्र चिकटलं. आता ती पन्नाशीला आली होती, पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसून जगभरची खोकी तोलत होती, आणि खिडकीवरच्या बायकासुद्धा तिला त्याच नावाने हाक मारत होत्या.

नवरा खोलीत आला तेव्हा ती पलंगावर उभी राहून हळूहळू उड्या मारत होती.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. वीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे बघितलं की त्याच्या मनात आधी तिचं वजन यायचं. तो थांबला, खाली वाकून पलंगाचे पाय बघितले आणि शांतपणे म्हणाला, "यात निदान सव्वाशे किलो आहे."

"काहीतरीच! कापडाला कुठे वजन असतं?"

"वर आपण दोघं झोपतो. आणि आपल्या बरोबर खाली कोण झोपतं, सांग?"

बरोबर खाली तिचा दीर झोपायचा. भाऊ तिसऱ्या मजल्यावर, हे चौथ्यावर.

त्या दिवशी घरात बैठक बसली. नवरा, तागेबाई आणि सासूबाई. नवऱ्याने आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नसे. तो एवढंच म्हणाला, "कापड घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण आहे ते शिव. हे झाकण सरळ बसलं की मग नवीन घे. तोवर वीतभरसुद्धा नाही."

"वीतभरसुद्धा नाही," तागेबाई म्हणाली आणि तिने कानाला खडा लावला.

पंच म्हणून सासूबाईंना नेमलं. त्या सत्तर पार केलेल्या, करारी, डोळ्यांनी जरा अधू. पण नजर अधू असली तरी त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही असा घरात समज होता. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे वशिला चालणार नाही. सांगून ठेवते."

पुढचे चाळीस दिवस त्या घराने विसरू नयेत असे गेले. तागेबाई संध्याकाळी कामावरून आली की मशीनवर बसायची आणि जे दिसेल त्याला कव्हर शिवायची. उशा झाल्या. मिक्सर झाला. इस्त्री झाली. टीव्हीच्या रिमोटला कव्हर, आणि ते मळू नये म्हणून वर आणखी एक कव्हर. सासूबाईंच्या काठीला फुलाफुलांचा पायजमा आला. एका सकाळी नवऱ्याने दाढी करायला हात घातला तर ब्रशला टोपी होती.

"अगं, हे सगळं तू त्या जुन्या चादरीतून काढतेयस," तो म्हणाला. "पलंगातलं चांगलं कापड तर तसंच आहे."

"काढीन की."

"कधी?"

खरं कारण तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. निळं लिनन हातात घेतलं की त्यात तिला एक कोट दिसायचा, एक झगा दिसायचा, पुढच्या खोलीचे पडदे दिसायचे, आणि तिन्ही सुंदर असायचे. कात्री लावली की त्यातली दोन मेलीच. शिवाय उरलेलं एक आपल्या हातून बिघडणार नाही कशावरून? त्यापेक्षा घडी घालून ठेवलेलं बरं. घडीत सगळं जिवंत असतं. नवीन कापड आणायला मात्र छाती लागत नाही, पाय लागतात.

एक्केचाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी दीड वाजता पार्सलच्या खिडकीवर फोन वाजला. धाकटी जाऊ होती. धाकटी गाडी चालवायला शिकवायची. तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण दुसऱ्याला खरेदीला न्यायची भारी हौस.

"ताई, काकांनी मागची खोली उघडलीय."

तागेबाईच्या हातातलं खोकं काट्यावर धपकन बसलं. कापडवाल्या काकांच्या दुकानाला मागे एक खोली होती. तिथे त्यांच्या वडिलांच्या वेळचे तागे पडून आहेत असं ती पंधरा वर्षं ऐकत आली होती. आत कोणी गेलं नव्हतं. पार्सलवरच्या रांगेतल्या माणसाने घसा खाकरला.

"कशाला उघडली?" तिने हळूच विचारलं.

"भिंतीला ओल आलीय. मिस्त्री उद्या येणार, सगळं आज हलवायचंय. चारला बंद. मी गाडी घेऊन बाहेर उभीच आहे."

"माझी शपथ आहे, धाकटे."

"शपथ कापड घ्यायचं नाही अशी आहे. बघायचं नाही अशी आहे का?"

नव्हती. तागेबाईने मनातल्या मनात बैठकीतलं वाक्य न् वाक्य आठवून बघितलं. बघण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. नवरा तर गावाच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टवर. तिने तिकिटांच्या खिडकीवरच्या मैत्रिणीला दोन तास सांभाळायला सांगितलं, कोट अंगावर चढवला आणि निघाली. थंडी कडाक्याची होती. धाकटीच्या गाडीच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी होती, आणि तागेबाईला उगाचच वाटलं की येणारे-जाणारे ती आपल्यालाच उद्देशून वाचतायत.

काकांच्या दुकानात शिरलं की आधी वास यायचा: खळीचा, नव्या सुताचा, लाकडी फळ्यांचा. तागेबाईचं डोकं तिथेच हलकं झालं. मागच्या खोलीचं दार सताड उघडं. पिवळ्या दिव्याखाली तागे छतापर्यंत रचलेले, आणि काका शिडीवरून एकेक ओढून खाली टाकत होते. तागा फळीवर पडतो आणि स्वतःच्याच वजनाने दोन वेढे उलगडतो, त्याचा एक आवाज असतो, धप्प-फर्रर्र. तो आवाज ऐकला की तागेबाईच्या तळहातांना मुंग्या यायच्या. हात अक्षरशः शिवशिवायला लागायचे.

"नुसतं बघायला आलेय हं काका," ती म्हणाली.

"सगळे तसंच म्हणतात," काका शिडीवरून म्हणाले. "त्या आजीसुद्धा तासाभरापासून नुसतं बघतायत."

तागेबाईने वळून बघितलं. ताग्यांच्या दोन ढिगांमध्ये एक बाक होता. बाकावर, मांडीवर गुलाबी क्रेप पसरून, हातात सरबताचा पेला घेऊन, पंच बसले होते.

"आई!"

सासूबाईंनी पेला बाजूला ठेवला. घाई केली नाही. "मी पाहणीला आलेय," त्या म्हणाल्या. "तू येतेस की काय ते बघायला. आणि आलीस!"

"पण तुम्ही तर गुरुवारी वाचनालयात जाता ना?"

"वाचनालय आज बंद आहे."

"आजी दर गुरुवारी येतात," शिडीवरून काका म्हणाले. काका फार सरळ माणूस. "दहा वर्षं झाली असतील. नाही का हो आजी?"

धाकटीला हसू आवरेना, ती कॉर्डरॉयच्या ताग्यात तोंड खुपसून खिदळू लागली. कुंपणच शेत खात होतं, तेही दर गुरुवारी, सरबत पीत! सासूबाई आधी रागावल्यासारखं दाखवून बसल्या, मग त्यांच्या गालाचा एक कोपरा हलला आणि शेवटी त्याही फिसकन हसल्या.

"डोळे गेले म्हणून शिवणं सोडलं," त्या म्हणाल्या. "बोटं कुठे गेलीत? घरी कोणी हात लावू देतं का? तू तर पलंगावर पहारा बसवलेला. इथे काका लावू देतात." त्यांनी क्रेपचा कोपरा चिमटीत धरून चोळला. "हे बघ, यात भेसळ आहे. ते तिथलं जाड आहे ना, ते आण. ते खरं सूत."

तागेबाईने 'ते तिथलं जाड' उचललं आणि दिव्याखाली नेलं.

मोहरीसारखा पिवळा रंग, जाड, वजनदार सुती कापड, आणि त्यावर तळहाताएवढे निळे मासे. प्रत्येक मासा वेगळा. एक रागावलेला, एक झोपाळू, एक कोणाची तरी चहाडी करायला निघाल्यासारखा. कल्ले बारीक रेघांनी काढलेले. आणि सगळे मासे एकाच दिशेला, वर तोंड करून चाललेले. तिने दोन वेढे सोडले, चार सोडले. मासे संपेनात. तिच्या तोंडातून आपोआप "अगंबाई, अगंबाई" असं यायला लागलं.

"काका, पाच मीटर द्या," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"कापून नाही देत," काका म्हणाले. "बावीस मीटर आहे. वडिलांनी आणला, कोणी घेतला नाही, मी कापला नाही. न्यायचा तर अख्खा न्या."

बावीस मीटर! त्यात सगळंच मावलं असतं. कोट, झगा, पडदे, काहीच मारावं लागलं नसतं. पण शपथ होती. तागेबाईने तागा फळीवर ठेवला. परत उचलला. परत ठेवला. एका माशाने तिच्याकडे असं काही बघितलं की तिने डोळेच मिटून घेतले.

सासूबाईंनी कापड चोळलं, गालाला लावलं, दिव्याकडे धरलं. मग पंचांच्या आवाजात विचारलं, "नियम काय होता? तिने कापड घ्यायचं नाही. बरोबर?"

"बरोबर," धाकटी म्हणाली.

"मी घ्यायचं नाही असं कोणी म्हटलं होतं?"

"कोणीच नाही!"

"काका, बांधा," सासूबाई म्हणाल्या आणि पर्स उघडली.

परतीच्या वाटेवर तागा मागच्या सीटवर सासूबाई आणि तागेबाई यांच्यामध्ये आडवा होता आणि तिघी मिळून इतक्या हसत होत्या की चौकात शेजारच्या गाडीवाल्याने काच खाली करून 'सगळं ठीक आहे ना' असं विचारलं. बेत साधा होता. धाकटीला साडेतीनला शिकवणी होती, तोवर तागा वर न्यायचा, सासूबाईंच्या कपाटात ठेवायचा, आणि नवऱ्याला योग्य वेळी सांगायचं. योग्य वेळ कधी, ते कोणी ठरवलं नाही.

गाडी इमारतीपाशी वळली आणि धाकटीने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. दारात नवऱ्याची हत्यारांची पेटी होती, आणि लिफ्टवर 'काम चालू आहे' अशी पाटी.

नंतर कळलं ते असं. आठ दिवस इमारतीची लिफ्ट विनाकारण ठणाणा करायची, तीन माणसं चढली तरी वजन जास्त म्हणून घंटा वाजवायची. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कंपनीत तक्रार केली, आणि कंपनीने इस्पितळातलं काम अर्ध्यावर सोडून त्यालाच इकडे धाडलं.

"आता?" तागेबाई म्हणाली.

शहाणपणाचे दहा मार्ग होते. तागा परत काकांकडे ठेवता आला असता. सरळ जाऊन 'आईंनी घेतला' असं सांगताही आलं असतं, आणि ते खरंच होतं. पण हसून हसून तिघींच्या डोक्यात शहाणपणाला जागा उरली नव्हती. धाकटी म्हणाली, "ताई, कोट काढ."

सायकली ठेवायच्या पत्र्याच्या आडोशाला तागेबाई हात वर करून उभी राहिली. दुकानात रुंद पन्ह्याचं कापड मधोमध दुमडूनच ताग्यावर गुंडाळतात, त्यामुळे ते बगलेपासून गुडघ्यापर्यंत नेमकं बसत होतं. सासूबाईंनी एक टोक धरलं, धाकटी तागा घेऊन तिच्याभोवती फिरू लागली. एक वेढा, दोन वेढे, पाच.

"श्वास घे."

"घेतलाय. आता सोडू कुठे?"

दहाव्या वेढ्याला धाकटीला चक्कर आली, तेव्हा तिने तागा स्थिर धरला आणि तागेबाई स्वतःच गिरक्या घेऊ लागली. विसाव्या वेढ्याला आतलं पुठ्ठ्याचं नळकांडं मोकळं झालं. तागेबाईचे हात आता खाली येत नव्हते, पेंग्विनसारखे दोन्हीकडे लटकत होते. कोट कसाबसा वरून बसला, वरची दोन बटणं लागली, बाकीची लागेनात, तिथे सासूबाईंनी आपली शाल पुढून टाकली.

"कशी दिसते मी?"

"थंडी वाजल्यासारखी," धाकटी म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिच्याने उभं राहवेना.

ठरलं असं की जिन्याने जायचं, नवरा लिफ्टच्या आत असणार. पण त्या जिन्याकडे पोहोचतात तोच नवरा हात पुसत बाहेर आला. चेहरा उजळलेला. "अरे, तिघी एकदम! वा! या, या, बरं झालं. नवा सेन्सर बसवलाय, तुम्हीच पहिल्या."

"आम्ही चढून जातो," तागेबाई म्हणाली. "व्यायाम होतो."

"आईने चार मजले चढायचे? लिफ्ट दुरुस्त असताना?" त्याने पाटी काढली आणि आईचा दंड धरला. "चला. चार माणसं, दोनशे ऐंशी किलो. आपण चौघं कोट-पिशव्या धरून दोनशे सत्तर. दहाची सवड आहे."

घरातल्या प्रत्येकाचं वजन त्याला तोंडपाठ होतं. सासूबाई आत गेल्या, धाकटी गेली, नवरा गेला. तागेबाई सर्वांत शेवटी, कडेने, दार घासत आत शिरली.

घंटा ठणाणली.

नवऱ्याने वर बघितलं. "असं कसं?" तो बाहेर गेला, घंटा थांबली. तो आत आला, घंटा वाजली. त्याने धाकटीला बाहेर काढून स्वतः उभं राहून बघितलं, मग धाकटीला आत घेतलं, पिशव्या बाहेर ठेवल्या. घंटाच. त्याने बटणांची पट्टी उघडली, आत डोकावला, दिव्याने बघितलं, परत बंद केली. तिघी भिंतीला चिकटून उभ्या. धाकटीने ओठ इतके आवळले होते की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मग तो पेटीवर जाऊन बसला. हातातला स्क्रूड्रायव्हर त्याने दोनदा फिरवला आणि खाली ठेवला.

"मघाशी तीनदा तपासला मी," तो म्हणाला. "नोंदवहीत सहीसुद्धा केली." त्याने हाताचं तेल फडक्याला पुसलं. "मागच्या आठवड्यात तो नवा इंजिनीअर म्हणाला होता. म्हणाला, हे काम आता संगणक लावून करायचं असतं, कानाने आणि हाताने नाही. मी हसलो त्याला. बरोबर असेल त्याचं."

तो हे काही तक्रारीच्या सुरात बोलला नाही. दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं बोलला, आणि तेच तागेबाईला सहन होईना. मघापासून पोटात उकळणारं हसू एका क्षणात कुठल्या कुठे गेलं. वीस वर्षांत हा माणूस कुठल्याही इमारतीत शिरला की आधी लिफ्टच्या दाराला कान लावायचा आणि बाहेर येताना आईने मुलाबद्दल बोलावं तसा तिच्याबद्दल बोलायचा. आणि आता तो बावीस मीटर माशांपायी स्वतःला मोडीत काढायला निघाला होता.

ती लिफ्टमधून बाहेर आली. कडेनेच, दार घासत.

"अहो," ती म्हणाली, "तुमची लिफ्ट बरोबर आहे. मी चुकीची आहे."

आणि तिने शाल काढली. मग कोटाची दोन बटणं. कोट जवळजवळ स्वतःच उडाला. तळमजल्याच्या पांढऱ्या दिव्याखाली पिवळ्याधमक कापडातून निळे मासे नवऱ्याकडे बघू लागले.

त्याने माशांकडे बघितलं, बायकोच्या लटकलेल्या हातांकडे बघितलं, आईकडे बघितलं. आई छताकडे बघत होती.

"किती आहे?" त्याने विचारलं.

"बावीस मीटर."

"मीटर नको मला. किलो सांग."

"ते नाही माहीत. पार्सल तोलते मी, कापड नाही."

तो उठला. "उलगड," तो म्हणाला.

धाकटीने टोक पकडलं आणि मागे मागे चालू लागली. तागेबाई फिरू लागली. कापड पत्रपेट्यांपर्यंत गेलं, तिथून वळून दारापर्यंत आलं. दुसऱ्या मजल्यावरून डॉक्टरीणबाई कठड्यावर वाकून बघत होत्या, त्यांच्या मागे गालाला कापूस लावलेला एक पेशंट. तागेबाईला भोवळ आली तेव्हा नवऱ्याने तिचे खांदे धरले, पण "थांबू नकोस, अजून चार वेढे आहेत" असं म्हणून तिला फिरवत ठेवलं. सगळं उतरल्यावर त्याने ते गोळा केलं, दोरीने बांधलं, पेटीतून आकड्याचा वजनकाटा काढून जिन्याच्या कठड्याला अडकवला आणि गठ्ठा त्याला लटकावला. काटा हलला, डुलला, थांबला.

"चौदा किलो दोनशे," तो म्हणाला.

त्याचे ओठ हलत होते. दोनशे सत्तर अधिक चौदा. दोनशे चौऱ्याऐंशी. मर्यादा दोनशे ऐंशी.

"चार किलो," तो हळूच म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "चार किलो! अगं, चार किलो जास्त होते फक्त! तेवढेसुद्धा पकडले तिने!" आणि ज्या माणसाने आयुष्यात आवाज चढवला नव्हता तो तळमजल्यावर उभा राहून ओरडला, "चार किलो! येऊ दे त्याला संगणक घेऊन!" त्याने लिफ्टच्या दाराला थाप मारली, आईला मिठी मारली, चुकून धाकटीलाही मारली, आणि वर कठड्यावरच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "बाई, तुमची तक्रार मिटली! आता ही लिफ्ट तुमच्या पेशंटचा दातसुद्धा मोजेल!"

पेशंटने घाबरून गालावर हात ठेवला.

शपथेचा विषय वर गेल्यावर निघाला. नवऱ्याने पंचांना निकाल विचारला. सासूबाई म्हणाल्या, "पंचाने राजीनामा दिलाय." मग त्यांनी दर गुरुवारचं सगळं सांगून टाकलं, आणि सांगताना त्यांचा आवाज मध्येच बारीक झाला. तो म्हणाला, "आई, तू मला सांगायचंस. मी नेलं असतं तुला." त्या म्हणाल्या, "तू नेलं असतंस, पण दारात घड्याळ बघत उभा राहिला असतास."

कापड जमिनीवर पसरलं होतं. खोलीभर मासे. नवरा त्याच्या कडेने चालला, वाकला, त्या चहाडखोर माशाला बोट लावलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "याची एक डांगरी होईल का? कामावर घालायची. मापात बसली तर."

तागेबाईला वाटलं आपण चुकून ऐकलं. वीस वर्षं हा माणूस कंपनीच्या निळ्या कपड्याशिवाय काही घालत नव्हता. तिने त्याला कधी विचारलं नव्हतं आणि त्याने कधी मागितलं नव्हतं.

"तुम्ही हे घालणार? मासे?"

"का? मला शोभणार नाहीत?"

तिने टेप काढला. छाती घेतली, कंबर घेतली, पायाची लांबी घेताना खाली बसली तर त्याला गुदगुल्या झाल्या. खडूने आखलं. टाचण्या लावल्या. कात्री हातात घेतली आणि हात थांबला. नेहमीसारखाच. पिवळ्या कापडात तिला कोट दिसत होता, झगा दिसत होता, पडदे दिसत होते.

सासूबाई जमिनीवर तिच्याशेजारी येऊन बसल्या, बोटांनी खडूची रेघ चाचपली. "मी पहिला झगा बेतला तेव्हा दोन्ही बाह्या एकाच हाताच्या केल्या होत्या," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांनी तो कोणालाच दाखवला नाही. त्या झग्याने भांडी पुसली. काप."

तागेबाईने कात्री चालवली. जाड सुताला कात्री लागते तेव्हा करकर असा भरदार आवाज होतो. पहिल्या वितीला तिने डोळे किलकिले केले, दुसऱ्या वितीला ते उघडले, आणि तिसऱ्या वितीपासून ती गाणं गुणगुणायला लागली. डावा पाय कापला. उजवा कापला. पाठ, पुढची बाजू, खिसे. धाकटी शिकवणी उरकून परत आली तोवर निम्मी डांगरी जोडून झाली होती. सासूबाई बोटांनी शिवण तपासून "इथे टाका सुटलाय" असं सांगत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्या बरोबर निघत होत्या.

रविवारी सकाळी शेवटचं बटण लागलं. नवऱ्याने डांगरी घातली, आरशासमोर उभा राहिला, आणि तागेबाईच्या तोंडून किंकाळी बाहेर पडली.

उजवा पाय तिने उलटा कापला होता. डाव्या पायावरचे मासे झोकात वर चालले होते, आणि उजव्यावरचे डोकं खाली करून सरळ बुटात.

"काढा," ती म्हणाली. "काढा ते! मी दुसरा कापते. कापड आहे ढीगभर. कशी माझी नजर चुकली? सगळे मासे वर जाणारे, मला दिसत होतं…"

नवरा आरशात एकदा डाव्या पायाकडे बघत होता, एकदा उजव्याकडे. मग त्याने दोन्ही हात खिशात घातले. खिसे खोल होते, मनगटापर्यंत हात गेला.

"हा वर जाणारा, हा खाली येणारा," तो म्हणाला. "लिफ्टवाल्याला आणखी काय पाहिजे?"

"लोक हसतील."

"हसू देत. लिफ्टमध्ये माणसं उगाच छताकडे बघत उभी असतात. आता माझ्याकडे बघतील." आणि पेटी उचलून तो खरंच तसाच बाहेर पडला. इस्पितळाची लिफ्ट अर्धवट राहिली होती.

तागेबाई खिडकीतून बघत राहिली. रस्त्यावर एक सायकलवाला वळून वळून बघत गेला आणि कुंपणाला धडकता धडकता वाचला. नवऱ्याने त्याला हात हलवला. आतून सासूबाई हाका मारत होत्या, बॉबिनचा दोरा संपला होता, आणि धाकटीला कोणीतरी मशीनला पाय कसा मारायचा ते दाखवायला हवं होतं. ती म्हणत होती, याला ब्रेक कुठे आहे?